चांद्याच्या अरण्यात हवाई मदत

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांची आठवण आपत्तीच्या इतिहासात बहुधा एखाद्या मोठ्या पुराच्या किंवा दुष्काळाच्या वर्षापुरती येते. परंतु या प्रदेशातील आपत्ती दरवर्षी ठरल्याप्रमाणे परतते, गावांचा एकमेकांशी आणि तालुक्याशी असलेला संबंध तोडते आणि पाणी ओसरल्यावर पुढच्या पावसाळ्यापर्यंत विस्मृतीत जाते. हवाई दलाने येथे केलेल्या आणि करू न शकलेल्या मदतकार्याचा अर्थ या तुटलेपणाच्या संदर्भातच लागतो. वैनगंगा भंडाऱ्याकडून दक्षिणेस उतरून ब्रह्मपुरी आणि गडचिरोली यांच्यामधून वाहते, चपराळ्याच्या परिसरात वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीत विलीन होते आणि त्याखाली सोमनूरजवळ बस्तरकडून आलेली इंद्रावती गोदावरीला येऊन मिळते. वरच्या अंगाला भामरागड येथे इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम आहे. मोठी नदी दुथडी भरली की लहान नदीचे पाणी पुढे सरकत नाही, ते मागे तुंबते. या फुगवट्यामुळे भामरागडच्या बाजारपेठेत पाऊस थांबल्यानंतरही पाणी चढत राहते आणि पर्लकोटेवरचा जुना ठेंगणा पूल एकाच पावसाळ्यात अनेकदा बुडतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आहे, त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाखाली आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार तेथे दर चौरस किलोमीटरला सरासरी ७४ माणसे राहतात. आपत्तीत सापडलेली माणसे अशा प्रदेशात एका ठिकाणी गर्दीने सापडत नाहीत. ती दहा-वीस घरांच्या पाड्यांतून आणि टोल्यांतून विखुरलेली असतात, आणि हवाई मदतीच्या सगळ्या अडचणी या विखुरलेपणातून सुरू होतात.

विमानाच्या आधीच्या काळात या प्रदेशाकडे पाहण्याची शासनाची दृष्टी वेगळी होती: नदी हा अडथळा नसून रस्ता आहे, असे इंग्रजी राजवटीतील अभियंत्यांना वाटत होते. १८६० मध्ये अप्पर गोदावरी हा स्वतंत्र जिल्हा निर्माण करून सिरोंचा हे त्याचे मुख्य ठाणे करण्यात आले, ते बऱ्याच अंशी या विश्वासापोटी. वऱ्हाडचा आणि वर्धेच्या खोऱ्याचा कापूस वर्धा-प्राणहिता-गोदावरी या जलमार्गाने पूर्व किनाऱ्यावर नेण्याची कल्पना सर आर्थर कॉटन यांनी पुढे रेटली होती, आणि हेग या अभियंत्याच्या देखरेखीखाली नदीतील खडकाळ धावा टाळण्यासाठी कालवे व बांध यांची कामेही झाली. परंतु अहेरीजवळच्या देवलमरीच्या धावेपर्यंत नौकामार्ग पूर्ण होण्याआधीच, १८७१ मध्ये, ही योजना सोडून देण्यात आली. तोपर्यंत कापूस रेल्वेने मुंबईकडे जाऊ लागला होता. १८७४ मध्ये अप्पर गोदावरी जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यास जोडले गेले. त्यानंतर जवळजवळ शतकभर दक्षिण चांद्याला ना पुरता जलमार्ग होता, ना बारमाही सडक. पावसाळ्यात तेथील दळणवळण ढिवर आणि केवट यांच्या डोंग्यांवर, म्हणजे एकाच खोडातून कोरलेल्या होड्यांवर, चालत राहिले. या काळातील मदतकार्याची जी व्यवस्था होती, तिचे एक वैशिष्ट्य येथे नोंदवणे आवश्यक आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत मध्य प्रांतात दुष्काळ संहितेनुसार मदत दिली गेली, आणि त्या संहितेचा मुख्य आधार होता रिलिफ कामांचा: पीडित माणसाने घर सोडून रस्त्याच्या किंवा तलावाच्या कामावर यावे, खडी फोडावी आणि मजुरी घ्यावी. जंगलातील माडिया आणि गोंड माणसे अशा छावण्यांवर यायला राजी नसत, म्हणून त्यांच्यासाठी गावातच धान्य देण्याची आणि जंगलातील कंदमुळे व फळे विनामूल्य गोळा करू देण्याची तजवीज करावी लागली. माणसाने मदतीपर्यंत यायचे की मदतीने माणसापर्यंत जायचे, हा प्रश्न चांद्याच्या अरण्याने विमान येण्याच्या कितीतरी आधी शासनापुढे ठेवला होता.

मदतीने आकाशमार्गे माणसापर्यंत जाण्याची रीत दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस रूढ झाली. एप्रिल-मे १९४५ मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विमानांनी जर्मनव्याप्त हॉलंडमधील उपासमार झालेल्या शहरांवर अन्नाची पोती टाकली; १९४८-४९ मध्ये पश्चिम बर्लिनची नाकेबंदी झाली तेव्हा एका संपूर्ण शहराला वर्षभराहून अधिक काळ विमानांनी कोळसा आणि पीठ पुरवले. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली असली, तरी त्याला मोठ्या प्रमाणावर माणसे आणि अन्न वाहण्याचा अनुभव मिळाला तो १९४७-४८ मध्ये, फाळणीतील निर्वासितांची ने-आण आणि वेढलेल्या पूंछ शहराचा पुरवठा या दोन कामांतून. १५ ऑगस्ट १९५० च्या आसाम भूकंपानंतर नद्यांची पात्रे बदलून गावे तुटली, तेव्हा डाकोटा विमानांनी धान्य टाकण्याचे काम केले. अशा टाकण्याला विमानातून पुरवठा-सोड म्हणता येईल: सामान छत्रीने उतरवतात किंवा तांदळासारखे धान्य दुहेरी पोत्यात भरून कमी उंचीवरून तसेच टाकतात, जेणेकरून आतले पोते फुटले तरी बाहेरचे टिकावे. या पद्धतीला एक मोकळे मैदान लागते, खाली ओळखीची खूण लागते, आणि टाकलेले धान्य गोळा करून वाटणारी माणसे तर त्याहून आधी लागतात. १९५४ मध्ये सिकोर्स्की एस-५५ हे पहिले हेलिकॉप्टर हवाई दलात आले आणि १९६० च्या सुमारास सोव्हिएत बनावटीची एमआय-४ येऊ लागली, तेव्हा मैदानाची अट सैल झाली. पुढे चेतक, एमआय-८, एमआय-१७ आणि २०१२ पासून एमआय-१७ व्ही-५ अशी हेलिकॉप्टरांची पिढी बदलत गेली. शेवटच्या प्रकारात सुमारे चार टन सामान किंवा तीसेक माणसे मावतात.

या साऱ्या घडामोडींत विदर्भाचे स्थान चमत्कारिक राहिले, कारण नागपूर हे हवाई दलाचे मोठे शहर असूनही त्याचे मोठेपण मदतीच्या उड्डाणांशी थेट जुळलेले नव्हते. सोनेगावचे विमानतळ दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने थांब्याचे ठाणे म्हणून वापरले होते. पुढे नागपूरला हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आले. या कमांडचे काम विमाने, क्षेपणास्त्रे आणि उपकरणे यांच्या दुरुस्ती व साठ्याच्या देशभरातील डेपोंवर देखरेख ठेवण्याचे आहे, लढाऊ किंवा वाहतूक तुकड्या चालवण्याचे नाही. आपत्तीच्या बाबतीत नागपूरचे महत्त्व वेगळ्या संस्थेतून आले. २९ एप्रिल १९५७ रोजी तेथे केंद्रीय आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्था सुरू झाली आणि १९६८ मध्ये तिचे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाले. शोध, सुटका, प्रथमोपचार आणि नियंत्रण कक्ष चालवणे यांचे शिक्षण देशभरातील अधिकाऱ्यांना देणाऱ्या जुन्या संस्थांपैकी ती एक होती. दीडशे किलोमीटरवरच्या चांद्याला मात्र या दोन्ही संस्थांच्या शेजाराचा लाभ दीर्घकाळ झाला नाही, कारण विमान आणि प्रशिक्षण या दोन्ही गोष्टी जेथे रस्ता संपतो तेथून पुढे कशा न्यायच्या, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते.

ऑगस्ट १९८६ मध्ये गोदावरीला आलेला पूर हा या प्रदेशाच्या आठवणीतील मोठा टप्पा आहे. १६ ऑगस्टला खाली भद्राचलम येथे पाण्याची पातळी ७५.६ फुटांवर गेली, आणि तो आकडा आजही तेथील उच्चांक मानला जातो. सिरोंचा तालुका याच पाण्याच्या वरच्या अंगाला आहे. त्या वेळी गडचिरोली जिल्हा जेमतेम चार वर्षांचा होता. अहेरीपलीकडे पावसाळ्यात वाहन जाणे दुर्मीळ होते. १९७३ च्या डिसेंबरात हेमलकसा येथे सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाचा पहिल्या दीड-दोन दशकांचा इतिहास पावसाळ्यातील अशा महिनोन्महिन्यांच्या तुटलेपणाने भरलेला आहे, आणि डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या दवाखान्यात रुग्ण खांद्यावरच्या खाटेवरून अनेक मैल वाहून आणले जात. अशा ठिकाणी हेलिकॉप्टर हे स्वाभाविक उत्तर वाटावे, यात नवल नाही. ते उत्तर इतके अवघड का ठरले, याची कारणे मात्र सविस्तर पाहण्यासारखी आहेत, कारण आजही दर पावसाळ्यात हेलिकॉप्टर का आले नाही असा प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तर क्वचितच दिले जाते.

पहिले कारण ढगांचे आहे. हेलिकॉप्टरचा चालक पुराच्या कामात बहुतांशी डोळ्यांनी जमीन पाहून उडतो. त्यासाठी ढगांचा तळ पुरेसा उंच आणि समोरची दृश्यता काही किलोमीटरची असावी लागते. गडचिरोलीत पूर येतो तो बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे क्षेत्र छत्तीसगडवरून विदर्भाकडे सरकते तेव्हा, आणि त्याच दोन-तीन दिवसांत ढग डोंगरांच्या माथ्यांना टेकलेले असतात. ज्या दिवशी माणसे छपरावर असतात, त्याच दिवशी उड्डाण सर्वांत धोक्याचे असते. जुलै २०२४ मध्ये राज्याच्या तत्कालीन दोन्ही उपमुख्यमंत्र्यांना गडचिरोलीकडे घेऊन निघालेले हेलिकॉप्टर ढगांत सापडले आणि काही काळ चालकाला खालचे काही दिसेनासे झाले; ते सुखरूप उतरले, पण आधीपासून ठरलेल्या, तयार हेलिपॅडकडे जाणाऱ्या प्रवासाची ही गत होते, तर अनोळखी पाड्यावर उतरण्याची कल्पना करता येते. दुसरे कारण झाडोऱ्याचे आहे. साग, ऐन, बिजा आणि बांबू यांच्या दाट रानात मोठ्या हेलिकॉप्टरला उतरण्यापुरती मोकळी जागा सहज मिळत नाही. भाताची बांधी पाण्याखाली असते आणि तिचा चिखल चाके धरून ठेवतो. उतरता येत नसेल तेव्हा विंचचा उपयोग करतात: दाराशी बसवलेल्या यांत्रिक रहाटावरून पोलादी दोर खाली सोडून एकेका माणसाला पट्ट्यात अडकवून वर ओढतात. त्यासाठी हेलिकॉप्टरला हवेत एका जागी स्थिर उभे राहावे लागते, त्यात इंधन जास्त जळते, आणि पंखांच्या खालच्या झोताने कुडाच्या घरांची कौले आणि छपरे उडण्याची भीती असते. तिसरे कारण संख्येचे. पुण्या-कोल्हापूरसारख्या ठिकाणी एका इमारतीच्या गच्चीवर शंभर माणसे एकत्र मिळतात. भामरागड किंवा एटापल्लीत तितकी माणसे दहा पाड्यांत, दहा नाल्यांच्या पलीकडे असतात, आणि त्यांतील बहुतेकांना आपले घर सोडायचेच नसते. त्यांना हवे असते मीठ, तेल, औषध आणि गर्भार बाईला दवाखान्यात नेण्याची सोय.

राज्याच्या इतर भागांतील अनुभवही हेच सांगतो. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ पुराच्या पाण्यात अडकलेल्या महालक्ष्मी एक्सप्रेसकडे नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे धावली, परंतु हजारावर प्रवाशांची सुटका झाली ती मुख्यतः राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटींतून. जुलै २०२३ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्याला पाण्याने वेढा घातला तेव्हा हवाई दलाची दोन एमआय-१७ हेलिकॉप्टरे मागवण्यात आली, आणि तेथेही बोटी घेऊन गेलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी सुटकेचा मोठा भार उचलला. खुद्द या प्रदेशातही २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातील पावसाने आणि गोसेखुर्द धरणाच्या ३३ दरवाज्यांतून सोडलेल्या पाण्याने वैनगंगाकाठची ब्रह्मपुरी, गडचिरोली आणि देसाईगंज परिसरातील गावे बुडाली, तेव्हाही बोट हेच मुख्य साधन होते. यातून हवाई दलाचे काम कमी महत्त्वाचे ठरत नाही. पाण्याचा वेग इतका की बोट वाहून जावी, किंवा अंतर इतके की बोट पोहोचेपर्यंत छप्पर कोसळावे, अशा जागी हेलिकॉप्टरखेरीज पर्याय नसतो, आणि अशा जागी दोर धरून खाली उतरणाऱ्या हवाई सैनिकाचे धैर्य शब्दांत मोजता येत नाही. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या मदतकार्यात गौरीकुंडजवळ एमआय-१७ व्ही-५ कोसळून हवाई दल, इंडो-तिबेटी सीमा पोलीस आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यांची २० माणसे मृत्युमुखी पडली, तीही हीच ढगाळ दरीतील उड्डाणे करताना.

गडचिरोलीत हवाई दलाची हेलिकॉप्टरे नियमितपणे आली ती पुरामुळे नव्हे, तर नक्षलवादी हिंसाचारामुळे आणि निवडणुकांमुळे. या इतिहासाचा हा सर्वांत वेगळा, आणि विचार करायला लावणारा, भाग आहे. २००९ हे वर्ष जिल्ह्यासाठी भयंकर होते: फेब्रुवारीत मरकेगाव, मे महिन्यात हत्तीगोटा आणि ८ ऑक्टोबरला भामरागड तालुक्यातील लाहेरी येथे मिळून जवळजवळ पन्नास पोलीस मारले गेले, आणि लाहेरीनंतर पाचच दिवसांनी विधानसभेचे मतदान होते. त्याआधी नोव्हेंबर २००८ मध्ये शेजारच्या छत्तीसगडातील विजापूर जिल्ह्यात निवडणुकीच्या कामावरील हवाई दलाच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार होऊन त्यातील फ्लाइट इंजिनिअर ठार झाला होता. हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल प्रदीप नाईक यांच्या काळात, स्वसंरक्षणार्थ उत्तरादाखल गोळीबार करण्याची परवानगी मिळावी ही मागणी याच पार्श्वभूमीवर पुढे आली. त्याच सुमारास मध्य भारतातील नक्षलविरोधी कामासाठी एमआय-१७ हेलिकॉप्टरांची कायमची तैनाती सुरू झाली आणि जगदलपूर, रायपूर, रांची येथे त्यांची ठाणी झाली. या हेलिकॉप्टरांचे काम हल्ला करण्याचे नव्हते. जखमी जवान उचलणे, शिधा आणि दारूगोळा दुर्गम पोलीस मदत केंद्रांवर पोहोचवणे आणि मतदान पथकांना यंत्रांसह ने-आण करणे हे होते. त्यानंतरच्या प्रत्येक लोकसभा आणि विधानसभा निवडणुकीत भामरागड, एटापल्ली, सिरोंचा, धानोरा येथील आतल्या केंद्रांवर शिक्षक आणि तलाठी हेलिकॉप्टरने जात आले आहेत.

या गरजेतून जंगलात हेलिपॅड तयार झाले. पोलीस ठाण्याच्या कुंपणाशेजारी साफ केलेली जागा, चुन्याने रेखलेले वर्तुळ, वाऱ्याची दिशा दाखवणारे कापड आणि वायरलेसवर बोलणारा शिपाई, एवढी साधी व्यवस्था असते. पण पूर आल्यावर हवाई मदतीला लागणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट तीत असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोल्याच्या चकमकीनंतर जखमी पोलिसांना हेलिकॉप्टरने नागपूरला नेण्यात आले. रुग्णवाहिकेला दिवसाचा बराच भाग लागणाऱ्या या मार्गाची सवय चालकांना, डॉक्टरांना आणि नियंत्रण कक्षाला झाली ती अशा प्रसंगांतून. सुरक्षेसाठी घडलेल्या या सोयीचा लाभ पुढे नागरिकांनाही मिळू लागला, आणि पुरात अडकलेले रुग्ण पोलिसांच्या सेवेतील हेलिकॉप्टरने हलवल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांत येऊ लागल्या.

तथापि, एक प्रश्न येथे टाळता येत नाही. आंतरराष्ट्रीय मदतकार्यात लष्करी साधनांचा वापर शेवटचा उपाय म्हणून करावा आणि मदत कोणाची बाजू न घेता द्यावी, असा संकेत आहे; परदेशी लष्करी साधनांपुरता तो १९९४ च्या ओस्लो मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलाही गेला. भारतात आपल्याच हवाई दलाने आपल्याच नागरिकांना मदत करणे हे वेगळे आहे, आणि येथील लोकांनी ती मदत नाकारल्याचे उदाहरण नाही. परंतु ज्या प्रदेशात हेलिकॉप्टरचा आवाज वर्षानुवर्षे चकमकीशी जोडलेला होता, तेथे तोच आवाज मदतीचा म्हणून ओळखला जाण्यास वेळ लागतो, आणि मदतीची वाट पोलीस ठाण्यातून जात असेल तर ठाण्यापर्यंत येण्यास कचरणारा माणूस मदतीबाहेर राहतो. हा दोष कोणा चालकाचा नाही. तो एका संघर्षाच्या काळात घडलेल्या नकाशाचा आहे.

नकाशाचा आणखी एक दोष अंतरांतून दिसतो. नागपूर ते भामरागड हे हवाई अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. जगदलपूर ते भामरागड मात्र दीडशेच्या आसपास. सिरोंचा नागपूरपासून सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर आहे, तर हैदराबादजवळच्या हकीमपेठ येथील हवाई दलाच्या ठाण्यापासून सव्वादोनशेच्या आत; आणि हकीमपेठ ही हेलिकॉप्टर चालकांच्या प्रशिक्षणाची जागा असल्याने हेलिकॉप्टरे तेथे नेहमीच असतात. जुलै २०२२ मध्ये गोदावरी १९८६ नंतरच्या सर्वांत मोठ्या पुराने उसळली, भद्राचलमला पातळी ७१ फुटांवर गेली आणि सिरोंचा तालुक्यातील हजारो लोकांना घरे सोडावी लागली. त्याच दिवसांत पलीकडच्या काठावर, तेलंगणातील मंचेरियाल जिल्ह्याच्या चेन्नूर मंडलात सोमनपल्ली येथे अडकलेल्या दोघांना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने उचलले. पुढच्याच वर्षी, जुलै २०२३ मध्ये, भूपालपल्ली जिल्ह्यातील नैनपाका येथे जेसीबी यंत्रावर चढून बसलेल्या सहा जणांना हकीमपेठहून आलेल्या एमआय-१७ हेलिकॉप्टरांनी वाचवले. सिरोंच्याच्या काठावरून दिसणाऱ्या मुलखात हवाई मदत पोहोचत होती, ही गोष्ट प्रशासकीय सीमेचे वजन दाखवते. मदतीची मागणी तहसीलदाराकडून जिल्हाधिकाऱ्याकडे, तेथून मंत्रालयातील आपत्कालीन कक्षाकडे आणि मग हवाई दलाकडे जाते. म्हणजे सिरोंच्यातील निरोप सुमारे आठशे किलोमीटरवरच्या मुंबईस जाऊन फिरतो. दूरध्वनीला हे अंतर काही मिनिटांचे आहे. पण दरम्यान ढग उघडण्याचा तासाभराचा अवधी निघून गेला, तर ती मिनिटे निर्णायक ठरतात. या कामाचा खर्चही आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत वेगळा धरलेला आहे: हवाई दलाने पुरवठा टाकण्याचे आणि सुटकेचे जे देयक पाठवले असेल, तेवढीच रक्कम त्या निधीतून देता येते. खर्चाची चिंता हेलिकॉप्टर मागताना जिल्हाधिकाऱ्याला अडवू नये, यासाठी ही तरतूद मोलाची आहे.

अरण्यातील दुसरी आपत्ती वणव्याची, आणि तिच्याबाबत थोडक्यात सांगता येईल. एप्रिल-मे २०१६ मध्ये उत्तराखंडात एमआय-१७ हेलिकॉप्टरांनी भीमतालातून बांबी बकेटमध्ये, म्हणजे हेलिकॉप्टरखाली टांगलेल्या मोठ्या लवचीक बादलीत, पाणी भरून जळत्या डोंगरांवर ओतले. चांद्याच्या पानगळी रानात आग बहुधा जमिनीवरच्या पाचोळ्यात, कमी उंचीने आणि लांबच लांब पसरते. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळण्यातून आणि तेंदूच्या फुटव्यासाठी लावलेल्या आगीतून तिचा उगम अनेकदा होतो. अशा आगीवर हिवाळ्यात आखलेल्या जाळरेषा, म्हणजे आधीच जाळून साफ केलेले पट्टे, आणि झाडाच्या ओल्या फांद्या घेऊन धावणारे वनमजूर अधिक उपयोगी पडतात.

पुराच्या बाबतीतही जमिनीवरची तयारी हवाई मदतीहून जुनी आणि अधिक भरवशाची आहे. १९९५ पासून राबवल्या जाणाऱ्या नवसंजीवनी योजनेत पावसाळ्यात तुटणाऱ्या गावांपर्यंत रेशनचे धान्य आणि औषधे जूनपूर्वीच पोहोचवून ठेवण्याची तरतूद आहे. भामरागड आणि एटापल्लीच्या आतल्या गावांत ते धान्य ट्रॅक्टरने जाते, आणि ते वेळेवर गेले तर ऑगस्टमध्ये विमानातून पोती टाकण्याची वेळ येत नाही. बाळंतपणाची तारीख जवळ आलेल्या बाईला आरोग्य केंद्रालगतच्या माहेरघरात आधीच आणून ठेवण्याची पद्धतही याच विचारातून आली. या दोन्ही व्यवस्था जेथे नीट चालतात, तेथे हेलिकॉप्टरसाठी उरते ते खरोखर त्याचेच काम: अपघात, सर्पदंश, अडलेली प्रसूती, पाण्याने घेरलेले छप्पर.

या उरलेल्या कामासाठी कायद्याची भाषा मात्र अजून अपुरी आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ हा आपत्तीची व्याख्या करताना बाधित क्षेत्रातील समाजाच्या तोंड देण्याच्या क्षमतेपलीकडची मोठी घटना अशी कसोटी लावतो, आणि हवाई दलाला पाचारण करण्याची सारी यंत्रणा त्या कसोटीवर उभी आहे. भामरागड तालुक्यात जुलै २०२४ मध्ये एका गर्भवतीला जेसीबीच्या बादलीत बसवून भरलेला नाला पार करवावा लागला. त्या दिवशी जिल्ह्यात कोणतीही मोठी दुर्घटना घडलेली नव्हती, केवळ एक नाला वाहत होता आणि एक रस्ता अर्धवट होता. अशी एकेकटी माणसे मोजली तर त्यांची बेरीज एखाद्या मोठ्या पुराइतकी होईल, पण ती एका दिवशी आणि एका ठिकाणी जमत नाहीत. त्यांच्यासाठी हेलिकॉप्टर मागवण्याचा अधिकार आज व्यवहारात जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांच्या आपसांतील समजुतीवर चालतो. तो तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यापर्यंत लेखी पोहोचवावा, त्यासाठी नागपूर, जगदलपूर आणि हकीमपेठ यांपैकी जवळचे ठाणे राज्याची सीमा न पाहता धरावे, आणि पोलीस ठाण्यांबाहेरही, शाळेच्या किंवा आश्रमशाळेच्या मैदानावर, उतरण्याच्या जागा पावसाळ्याआधी तपासून त्यांची यादी चालकांच्या हाती द्यावी, ही कामे महाग नाहीत.